एकतिसावं पत्र

पुस्तक उसवायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच लिहून ठेवतो. ती परंतुंची. परंतु म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण सरकारी मसुदे लिहिण्यात उभी हयात घालवल्यामुळे त्यांचं कोणतंही वाक्य 'परंतु'ने सुरू होतं. सकाळी जिन्यात "नमस्कार" म्हटलं तरी "परंतु आज उशीर झाला तुम्हाला" असं उत्तर येतं. अशा माणसाचा सल्ला घेऊ नये, हे मला कळायला हवं होतं. पण पुस्तकाचं वेड लागलं की माणूस कुणाचाही सल्ला घेतो.

पुस्तक पत्रांचं आहे. मनोऱ्यांवरची मोठी घड्याळं दुरुस्त करत गावोगाव फिरणाऱ्या एका कारागिराने अकरा वर्षं आपल्या वहिनीला लिहिलेली सत्तेचाळीस पत्रं. एका छोट्या छापखान्याने ती कधीकाळी छापली आणि नंतर छापखानाही बंद पडला. माझी प्रत मला रद्दीच्या गठ्ठ्यात मिळाली; दुसरी मी कुठेच पाहिलेली नाही. तेव्हापासून मी ती चौदा वेळा वाचली आहे. पंधराव्या वेळी मात्र माझ्या पोटात दुखायला लागलं. चांगलं पुस्तक एकट्यानेच वाचत राहिलं की असं होतं. समोर कुणीतरी लागतं, जे म्हणेल, "हो ना, आणि तो मनोऱ्यात अडकतो ते पत्र वाचलंत का?"

हे मी बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मला सांगू नका. तुम्ही ते हातात घेतलंत की दूध उतू जातं." हे खरं होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही.

तर मी इमारतीच्या फलकावर सूचना लावली: 'पत्रांचे एक दुर्मीळ पुस्तक रसिकांसोबत वाचावयाचे आहे. इच्छुकांनी भेटावे.' पंचवीस घरांतून तीन इच्छुक आले. त्यातले परंतु सूचनेतली चूक सांगायला आले होते आणि थांबले. दुसऱ्या शिलाईवाल्या काकू, ज्यांचं मशीन तळमजल्यावर दिवसभर चालू असतं. तिसरे दातवाले डॉक्टर, ज्यांचा दवाखाना काकूंच्या शेजारी आहे. डॉक्टरांना वाचनाची आवड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण ते म्हणाले, "दिवसभर मीच बोलतो हो. समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण बोलत कुणी नाही."

प्रश्न एवढाच होता की प्रत एक आणि वाचक तीन. पूर्वी हेच पुस्तक मी कचेरीतल्या एका सहकाऱ्याला दिलं होतं, तर ते दोन वर्षांनी परत आलं आणि वर चहाच्या कपाचा गोल होता. "छान आहे, पण यात घडत काहीच नाही," असं तो म्हणाला. त्याच्याशी मी अजून नीट बोलत नाही. त्यामुळे पुस्तक पुन्हा कुणाच्या घरात एकटं पाठवायची माझी तयारी नव्हती.

"परंतु," परंतु म्हणाले, "पुस्तक पत्रांचं आहे ना? मग पत्रं पत्रांसारखी वाटा. रोज एक."

मला त्या रात्री झोप आली नाही एवढी ती कल्पना आवडली. दुसऱ्या दिवशी मी बाइंडरकडे गेलो. त्याने पुस्तक उलटंपालटं केलं आणि विचारलं, "फारच वाईट आहे का?" मी म्हटलं, "जगात याच्यासारखं पुस्तक नाही." तो म्हणाला, "मग फाडताय कशाला?" फाडणं आणि उसवणं यातला फरक मी त्याला दहा मिनिटं समजावला. त्याने मान डोलावली आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "एक फाडायचं आलंय रे."

छपाई सुदैवाने अशी होती की प्रत्येक पत्र नव्या पानावर सुरू होतं. सत्तेचाळीस पत्रं वेगळी झाली. मी सत्तेचाळीस पाकिटं आणली आणि, इथे मात्र दोष माझा एकट्याचा, प्रत्येकावर शाईच्या पेनाने वळणदार अक्षरात लिहिलं: 'तीर्थस्वरूप वहिनीस'. पुस्तकात प्रत्येक पत्राची सुरुवात तशीच आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरात क्रमांक. बायको म्हणाली, "तुमचं नाव नाही, पत्ता नाही, काही नाही. हरवलं तर?" मी म्हटलं, "याच इमारतीत फिरायचंय. तीन माणसांत कुठे हरवणार?"

पद्धत अशी ठरली. सकाळी सातला मी पाकीट काकूंच्या टपालपेटीत टाकायचं. दुपारी काकूंनी ते डॉक्टरांना द्यायचं, संध्याकाळी डॉक्टरांनी परंतुंना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परंतुंनी मला, वाचल्याच्या सहीसकट. सहीचा तक्ता परंतुंनीच आखला होता. त्यात 'शेरा' असाही एक रकाना होता.

आणि सांगतो, तीस दिवस मी जे सुख भोगलं ते नोकरीत बढती मिळाली तेव्हाही भोगलं नव्हतं. आठव्या पत्रात कारागीर मनोऱ्यात असताना पहारेकरी खालून कुलूप लावून जातो. हाक ऐकू जाईना, म्हणून तो घड्याळाचा काटा दोन तास पुढे सरकवतो, म्हणजे लोक तक्रार करायला तरी येतील. तर खालच्या सगळ्या कचेऱ्या घड्याळ बघून बंद होतात, लोक आनंदाने घरी जातात आणि कुणीही वर बघत नाही. हे पत्र वाचताना डॉक्टर इतके हसले की खुर्चीतला पेशंट घाबरून उठून बसला. काकू मशीन थांबवून जिन्यात येऊन म्हणाल्या, "भाऊ, मी आता पेटीचा आवाज ओळखायला लागलेय. पत्र पडलं की धावदोरा तसाच सोडून उठते. मला आयुष्यात एवढी पत्रं कुणी पाठवली नव्हती." परंतुंनी शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं आणि पुढे प्रथमच परंतु लिहिला नाही.

एकोणतिसाव्या पत्रात कारागिराचा थोरला भाऊ जातो. तिसाव्यात वहिनीचं पत्र त्याला कुठल्याशा दूरच्या मनोऱ्यावर गाठतं. ती विचारते, घर आता रिकामं आहे, विकून माहेरी जाऊ का? की तुम्ही येणार आहात? आणि तो लिहितो, 'उत्तर विचार करून पुढच्या पत्रात लिहितो.' तिसावं पत्र तिथे संपतं.

एकतिसावं पत्र मी काकूंच्या पेटीत टाकलं. काकूंकडे त्या दिवशी कपड्यांची घाई होती, म्हणून त्यांनी ते न वाचताच डॉक्टरांकडे पाठवलं, की तुम्ही आधी वाचा, मी संध्याकाळी घेते. डॉक्टर कुणाचा तरी दात काढत होते. पाकीट टेबलावर राहिलं. त्यांच्या दवाखान्यातल्या बाई अत्यंत कर्तव्यदक्ष. टेबलावरचं जायचं सगळं टपाल त्या दुपारी दोनला कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतात. त्यांनी तेही टाकलं.

डॉक्टर संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा पेशंटसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी टपाल कचेरीत गेलो. तिकीट नाही, पत्ता नाही, अशी पाकिटं बेवारस टपालात जातात, असं मला कळलं. तिथे ती तीस दिवस ठेवतात. तीस दिवसांत कुणी हक्क सांगितला नाही तर नष्ट करतात. 'नष्ट' हा शब्द खिडकीमागच्या बाईंनी अगदी शांतपणे उच्चारला. मीही एका कचेरीत खिडकी क्रमांक सातवर एकवीस वर्षं बसलो आहे, त्यामुळे तो शांतपणा मला परका नव्हता. फक्त खिडकीच्या या बाजूने तो प्रथमच ऐकत होतो.

"पाकिटात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"छापील पानं. चार."

"छापील? मग ते पत्र नाही. खिडकी चार."

खिडकी चारवरच्या माणसाने विचारलं, "पानांच्या सुरुवातीला काय लिहिलंय?" मी म्हटलं, "तीर्थस्वरूप वहिनीस साष्टांग नमस्कार." तो म्हणाला, "मग पत्रच की. खिडकी दोन." मी पुन्हा बाईंकडे आलो. हे मी स्वतः इतक्या लोकांना इतक्या वर्षं केलं आहे की रागवायला तोंड नव्हतं.

बाईंनी अर्ज दिला. त्यात रकाना होता: 'पत्त्यावरील व्यक्तीशी नाते.'

"काही नाही," मी म्हटलं.

"वहिनी तुमच्या नाहीत?"

"नाहीत. लेखकाच्या."

"मग लेखकांना पाठवा."

"ते वारले."

"मग वहिनींना."

"त्याही वारल्या असणार. पत्रं फार जुनी आहेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे एका मयत माणसाने दुसऱ्या मयत बाईंना पाठवलेलं पत्र तुम्हाला हवंय, आणि तुम्ही दोघांचेही कुणी नाही."

असं मांडल्यावर ते वाईट दिसत होतं, हे मी कबूल करतो.

घरी आल्यावर जिन्यात सभा भरली. परंतु म्हणाले, "परंतु एवढा त्रास कशाला? तुम्ही चौदा वेळा वाचलंय. तोंडी सांगा पुढे काय होतं ते, आणि बत्तिसावं सुरू करा." डॉक्टर ओशाळून म्हणाले, "थोडक्यात सांगितलंत तरी चालेल. तो येतो की नाही एवढंच." काकूंनी तर सकाळी एका गिऱ्हाइकाच्या कपड्याला दोन्ही डावे हात शिवले होते, त्यावरून त्यांची अवस्था कळत होती.

मी ठाम नकार दिला. "सांगणार नाही. ते पत्र त्याच्याच शब्दांत पोचलं पाहिजे. पोचेपर्यंत बत्तिसावंही मिळणार नाही." नवऱ्याला इतकं ठाम बोलताना बायकोने फार वर्षांनी ऐकलं असावं, कारण ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

त्यानंतर मी सहा वेळा टपाल कचेरीत गेलो. परंतुंनी अर्जाचा अकरा कलमी मसुदा केला. तो 'मोघम' म्हणून परत आला. त्यांच्या आयुष्यातला पहिलाच मसुदा परत आला होता. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सतरा कलमी मसुदा घेऊन आले. मी उरलेली सेहेचाळीस पत्रं पिशवीत घालून नेली आणि सहीच्या तक्त्यासकट बाईंसमोर मांडली, की बघा, मधलं एकच नाही. बाईंनी ती चाळली. आठव्या पत्राशी थोड्या थबकल्या. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा भानावर येऊन म्हणाल्या, "हा पुरावा होत नाही. क्रमांक कुणीही घालतं." पण आवाज पहिल्यासारखा शांत राहिला नव्हता. मी म्हटलं, "उद्या येतो." त्या म्हणाल्या, "या. पण तिसावा दिवस सोमवारी आहे."

रविवारी रात्री मी जेवलो नाही. एका पत्रासाठी कसले इतके हाल करून घेता, असं बायको म्हणाली. मी तिला म्हटलं, "तीन माणसं महिनाभर एका वाक्यावर थांबली आहेत, माझ्या भरवशावर. आणि ते पत्र जळलं तर पुस्तक जगात कुठेच पुरं राहणार नाही, आणि ते मी उसवलंय." तिने माझं ताट झाकून ठेवलं.

सोमवारी सकाळी मी बाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी नियमांचं जाड पुस्तक आधीच उघडून ठेवलं होतं. म्हणाल्या, "एक कलम सापडलंय. हक्क सांगणाऱ्याने पाकीट न बघता आतला मजकूर सांगितला, आणि तो जुळला, तर देता येतं. कुटुंबातल्या एका सज्ञान व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागेल. खिडकी बाराला बंद होते."

मी घरी फोन केला. बायको आली. तिच्यामागून काकू आल्या, गळ्यात मापाची पट्टी तशीच. डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून आले. परंतु सतरा कलमी मसुद्याच्या तीन प्रती घेऊन आले.

"सारांश चालेल ना?" मी हळूच विचारलं.

"मजकूर," बाई म्हणाल्या. त्यांनी पाकीट फोडलं, पानं स्वतःकडे धरली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

म्हणजे जे मी महिनाभर जिन्यात सांगायचं नाकारलं, ते आता खिडकी क्रमांक दोनवर, रांगेसकट सगळ्यांना ऐकवायचं होतं. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. तो लिहितो, की वहिनी, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देण्याआधी एक कबुली देतो. तुमच्या माजघरातलं भिंतीवरचं घड्याळ दर वर्षी बंद पडायचं आणि दादा मला बोलावून घ्यायचा. शहराशहरांतली घड्याळं माझ्या हाताखाली वर्षानुवर्षं चालतात, मग घरातलंच का बंद पडतं, हे दादाने कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. मी ते कधी पुरतं दुरुस्त केलंच नाही. दर वेळी एक चाक सैल ठेवून निघायचो, म्हणजे पुढच्या वर्षी बोलावणं येईल.

माझ्यामागे मापाची पट्टी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मी थांबलो नाही.

तो लिहितो, इथे सगळं वेळेवर मिळतं. फक्त जेवताना समोर बसून 'अजून घ्या' म्हणणारं कुणी नसतं, त्यामुळे पोट भरलं की नाही ते कळत नाही. घर विकू नका. पंधरा दिवसांत हत्यारं घेऊन येतो. या वेळी ते घड्याळ कायमचं नीट करतो, कारण आता बोलावण्याची गरज राहायची नाही.

मी डोळे उघडले. काकू पदराने डोळे पुसत होत्या. डॉक्टर छताकडे बघत होते. परंतुंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "मग आला का तो?"

बाईंचं बोट मात्र पानाच्या मध्यावरच थांबलं होतं. त्यांनी ओळ पुन्हा वाचली, पान उलटलं, परत पहिल्या बाजूला आल्या.

"जेवणाचं इथे नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं? 'सैल चाक'नंतर लगेच."

"सैल चाकानंतर 'घर विकू नका' आहे. 'इथे सगळं वेळेवर मिळतं' हे वाक्य नाही. त्यापुढचंही नाही."

मी चौदा वेळा वाचलेलं पुस्तक. मी म्हटलं, नीट बघा. त्यांनी पान काचेला लावून मला दाखवलं. ते तिथे नव्हतं. रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते, घड्याळात बाराला आठ मिनिटं होती, आणि मला स्वतःच्या डोक्याचा भरवसा वाटेनासा झाला होता.

"ते त्या पुस्तकातलं नाही," बायको म्हणाली.

मी वळलो. ती खिडकीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी यांची सात महिने बदली झाली होती. तेव्हा यांनी मला लिहिलं होतं ते. तिसऱ्या पत्रात."

मला ती कचेरी आठवली, खाणावळीतलं कोपऱ्यातलं बाक आठवलं, आणि तिथे गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलेलं ते वाक्य आठवलं. कधीतरी, कितव्यातरी वाचनात, मी ते उचलून त्या कारागिराला देऊन टाकलं होतं.

बाईंनी नियमांचं पुस्तक पुन्हा चाळलं. मग म्हणाल्या, "मजकूर कमी पडला असता तर दिलं नसतं. जास्त झाला तर काय करायचं याबद्दल काही लिहिलेलं नाही." त्यांनी अर्ज बायकोपुढे सरकवला. "शेऱ्यात लिहा, की जादा वाक्य तुमच्या मालकीचं आहे. आणि खाली सही."

बायकोने लिहिलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. बाईंनी शिक्का मारला, पानं घडी घालून पाकिटात ठेवली आणि पाकीट माझ्या हातात न देता काकूंच्या हातात दिलं. "वाचायची तुमची पाळी आहे ना," त्या म्हणाल्या. "आणि तो पोचला की मलाही कळवा."

रस्त्याने काकू, डॉक्टर आणि परंतु पुढे चालले होते. तिघंही एकाच वेळी बोलत होते, आणि माझ्या आयुष्यात मला हेच ऐकायचं होतं. थोड्या वेळाने काकू मागे आल्या आणि बायकोला म्हणाल्या, "वहिनी, यांची ती पत्रं आहेत का अजून? असतील तर पेटीत..."

"आहेत," बायको म्हणाली. "पण ती फिरायची नाहीत."

काकू समजून पुढे गेल्या. मी मात्र फुशारलो होतो. इतकी वर्षं जपून ठेवलीस, असं काहीतरी मी म्हणालो. पत्रांचा मान माझ्या घरात राखला जातो याचा मला अभिमान वाटत होता, आणि तो मी बोलूनही दाखवला असावा.

ती चालता चालता म्हणाली, "तुमची सातही आहेत माझ्याकडे. मी सातांना सात उत्तरं लिहिली होती. ती कुठे आहेत?"

सत्तेचाळीस पत्रं मी कुणाही परक्यासमोर घडाघडा म्हणून दाखवली असती. तिच्या सातांतली एक ओळ मला आठवेना. मी आठवत चाललो आणि ती माझ्या बरोबरीने चालली.

बत्तिसावं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकूंच्या पेटीत पडलं. ते वेळेवर जातं आहे. मी माळ्यावर चढलो आहे. आज तिसरा दिवस. दोन ट्रंका बघून झाल्या, त्यात नाहीत. परंतु शिडी धरायला आले होते, त्यांना मी परत पाठवलं. तिसरी ट्रंक गंजली आहे आणि तिची किल्ली सापडत नाही, पण मी ती उघडणार आहे.